मळसूत्री अँटेना : तार, सूत्र आणि संगणकीय प्रतिमान

इतिहासाच्या शिक्षकाने विद्युतचुंबकीय लहरींवर लेख लिहावा, हे स्मरणिकेच्या काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. आमचा या विषयाशी संबंध आला तो केवळ देखरेखीच्या निमित्ताने. शाळेच्या विज्ञान मंडळाचे सायंकालीन तास संगणक कक्षात भरतात आणि वसतिगृहाच्या नियमानुसार तेथे एक शिक्षक उपस्थित असावा लागतो. मुले तारेच्या वेटोळ्यांची चित्रे पडद्यावर फिरवीत बसत आणि आम्ही कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत असू. पुढे उत्तरपत्रिका बाजूला राहिल्या. मुले ज्या कामात गुंतली होती ते मुळात आमच्याच विषयाचे काम आहे, हे हळूहळू ध्यानात आले. एखादे विधान कोणी केले, कशाच्या आधारावर केले आणि तो आधार आज तपासता येतो काय, हाच प्रश्न इतिहासाचा विद्यार्थी जुन्या कागदापुढे बसून विचारीत असतो.

मळसूत्र म्हणजे स्क्रूवरची फिरत चढत जाणारी रेषा. तांब्याची तार तशीच नळीभोवती गुंडाळली, तिच्या तळाशी धातूचा पत्रा ठेवला आणि तार व पत्रा यांच्यामधून रेडिओचा विद्युतप्रवाह सोडला, की मळसूत्री अँटेना तयार होतो. रचना इतकी साधी आहे. तरीही १९४६ सालापर्यंत ही रचना झोतासारखी लहर फेकू शकेल, हे कोणाच्या गावी नव्हते.

त्या वर्षी अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात एका पाहुण्या शास्त्रज्ञाचे प्रवासी-तरंग नलिकेवर व्याख्यान झाले. या नलिकेत तारेच्या मळसूत्राचा उपयोग लहरीला वाट दाखविण्यासाठी करतात. श्रोत्यांमध्ये जॉन क्राउस नावाचे तरुण प्राध्यापक होते. व्याख्यानानंतर त्यांनी विचारले, या मळसूत्राचा अँटेना म्हणून उपयोग होईल काय? वक्त्याने उत्तर दिले की आपण ते करून पाहिले आहे आणि ते चालत नाही. उत्तर अनुभवी माणसाचे होते आणि ठाम होते. क्राउस यांना त्यातील ठामपणाच खटकला. मळसूत्राचा घेर पुरेसा मोठा केला तर त्यातून लहर बाहेर पडलीच पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. घरी जाऊन तळघरात त्यांनी सात वेढ्यांचे मळसूत्र वळले. त्यांच्याजवळच्या यंत्रातून १२ सेंटीमीटर लांबीची लहर निघत असे, म्हणून प्रत्येक वेढ्याचा घेरही त्यांनी तेवढाच ठेवला. मळसूत्राच्या टोकातून, अगदी अक्षाच्या दिशेने, लहरींचा एकवटलेला झोत बाहेर पडत असल्याचे त्यांना आढळले.

पाहुणे शास्त्रज्ञ खोटे बोलले होते, असे मानण्याचे कारण नाही. आपण सर्वांनी पोलिसांच्या वॉकीटॉकीवरचा आखूड रबरी अँटेना पाहिला आहे. त्या रबराच्या आतही बहुधा तारेचे मळसूत्रच असते. मात्र त्याचा घेर लहरीच्या लांबीच्या मानाने अगदी लहान असल्याने तो साध्या उभ्या तारेप्रमाणे बाजूंना लहर पसरवितो, टोकातून झोत सोडीत नाही. लहान घेराचे मळसूत्र घेऊन कोणी प्रयोग केला असेल तर 'चालत नाही' हाच निष्कर्ष त्याच्या हाती येणार. निष्कर्ष एका मापापुरता होता, उत्तर मात्र सर्व मापांसाठी दिले गेले. कोसल देशातील केसमुत्त निगमात कालाम लोकांनी तथागतांना विचारले होते की, निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येऊन निरनिराळे सांगतात, त्यांतले आम्ही खरे कोणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, इतकेच नव्हे तर सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, असा तथागतांच्या उत्तराचा आशय अंगुत्तर निकायात आहे. आमच्या विद्यार्थ्यांना हे सुत्त परित्राणपाठाच्या वयापासून ठाऊक असते. ते प्रत्यक्षात वापरण्याचा प्रसंग मात्र क्वचित येतो.

आता या अँटेनाची दोन वैशिष्ट्ये सांगितली पाहिजेत, कारण पुढील सर्व हिशेब त्यांवर उभा आहे. पहिले असे की तो चुकांच्या बाबतीत उदार आहे. वेढ्याचा घेर लहरलांबीच्या पाऊणपटीपासून सव्वापटीच्या थोडा पलीकडे, म्हणजे सुमारे १.३३ पटीपर्यंत कोठेही असला तरी झोत टिकतो. हाताने वळलेल्या तारेत सेंटीमीटरभर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. साधनांची टंचाई असलेल्या शाळेसाठी याहून सोयीचा अँटेना दुसरा कोणता असेल, असे आम्हास वाटत नाही. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची लहर पुढे जाताना स्वतःभोवती फिरत जाते. यास वर्तुळाकार ध्रुवण म्हणतात. आकाशात गिरक्या घेणाऱ्या उपग्रहाच्या अँटेनाची दिशा सतत बदलत असते. साध्या सरळ अँटेनाने त्याचे ऐकू गेल्यास, दोन्ही अँटेना एकमेकांस काटकोनात आले की आवाज बुडतो. मळसूत्री अँटेना समोरच्याच्या त्या दिशेची पर्वा करीत नाही. त्याची किंमत म्हणून निम्मी शक्ती सोडावी लागते, पण ऐकू येण्यात सातत्य राहते. जीपीएस उपग्रहांवर पृथ्वीकडे तोंड करून जो अँटेना बसविलेला असतो, तो बारा मळसूत्रांचाच समूह आहे. मोबाइलवर रस्ता शोधणारा प्रत्येक जण नकळत क्राउस यांच्या तळघरातील कल्पनेचा लाभ घेत असतो.

फिरण्याची दिशा मात्र जपावी लागते. उजव्या वेढ्यांच्या मळसूत्रातून निघालेली लहर डाव्या वेढ्यांच्या मळसूत्राला जवळपास ऐकूच येत नाही. याविषयी एक ऐतिहासिक फजिती नोंदवून ठेवण्याजोगी आहे. जुलै १९६२ मध्ये टेलस्टार या उपग्रहावरून अटलांटिकपलीकडे पहिल्यांदा दूरचित्रवाणीची चित्रे पाठविली गेली. फ्रान्समधील प्लमर-बोदू येथील केंद्रात ती स्वच्छ उमटली. इंग्लंडमधील गूनहिली केंद्रात मात्र त्या पहिल्या रात्री पडद्यावर धड काही दिसेना. पुढे आढळले की ध्रुवणाची दिशा उलटी बसविली गेली होती. 'उजवी' म्हणजे कोणती, हे लहरीच्या पाठीमागे उभे राहून ठरवायचे की तिच्या समोर उभे राहून, याविषयी शास्त्रज्ञांच्या दोन परंपरा होत्या आणि शब्द एकच होता. इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ सापडतात. शब्द समान असतो, अर्थ उलटा असतो आणि भांडण माणसांच्या हेतूंवर ढकलले जाते.

आता संगणकाकडे वळू. तारेतून प्रवाह कोठे किती वाहतो हे एकदा कळले, की तिच्यातून निघणाऱ्या लहरीचे गणित सरळ आहे. अडचण आहे ती प्रवाह कळण्याची. तारेच्या प्रत्येक बिंदूवरील प्रवाह बाकीच्या सर्व बिंदूंवरील प्रवाहावर परिणाम करतो आणि स्वतःही त्यांच्या परिणामाखाली असतो. यावरील उपाय असा की, तारेचे लहान लहान सरळ तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यातील प्रवाह अज्ञात मानावयाचा आणि प्रत्येक तुकड्याचा प्रत्येक तुकड्याशी असलेला संबंध मांडून जितके अज्ञात तितकी समीकरणे लिहावयाची. १४० तुकडे केले तर १४० समीकरणे आणि १४० गुणिले १४०, म्हणजे १९,६०० सहगुणक होतात. हाताने हे एका जन्मात होणारे काम नव्हे, संगणक ते क्षणार्धात करतो. या रीतीस आघूर्ण-पद्धती म्हणतात. रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या ग्रंथाने ती अभियंत्यांमध्ये रूढ झाली.

या पद्धतीवर आधारलेली 'नेक' नावाची आज्ञावली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झाली. तिची दुसरी आवृत्ती १९८१ ची असून ती सर्वांना मुक्त आहे. ही प्रयोगशाळा अण्वस्त्रांच्या संशोधनासाठी स्थापन झालेली आणि या आज्ञावलीला पैसा पुरविला तो अमेरिकेच्या नौदलाच्या व हवाई दलाच्या संस्थांनी. भगवान बुद्धांच्या मूर्तीसमोर वंदना घेऊन संगणक कक्षात येणारी आमची मुले ते साधन वापरतात, ही गोष्ट आम्हास थोडा वेळ अस्वस्थ करून गेली, हे कबूल केले पाहिजे. परंतु समीकरण कोणाचे बांधील नसते. मूळ आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या काळातली असल्याने तिच्यातील प्रत्येक ओळीला आजही 'कार्ड' म्हणतात. तारेचे एक कार्ड, मळसूत्राचे एक, जमिनीचे एक, वारंवारतेचे एक. कार्ड या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्या मुलांना आम्ही त्या निमित्ताने संगणकाच्या इतिहासाचा एक तास देऊन टाकला. तिच्यावर सोयीचे आवरण चढविलेली 'फोरनेकटू' ही आज्ञावली विनामूल्य मिळते. 'ईझीनेक' ही पूर्वी विकत घ्यावी लागे, २०२२ पासून तीही मोफत झाली आहे.

मंडळाने ४३६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता निवडली. ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा हौशी उपग्रहांचा पट्टा आहे आणि विद्यार्थ्यांनी बनविलेले अनेक उपग्रह त्यात बोलतात. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनविलेला, अवघ्या किलोभर वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोने सोडला, त्याचे छायाचित्र संगणक कक्षाच्या भिंतीवर आहे. ४३६ मेगाहर्ट्झला लहरलांबी सुमारे ६८.८ सेंटीमीटर येते. घेर तेवढाच धरला की व्यास २१.९ सेंटीमीटर. चढाचा कोन १३ अंश घेतल्यास दोन वेढ्यांमधील अंतर १५.९ सेंटीमीटर. क्राउस यांच्याप्रमाणेच सात वेढे धरल्यास उंची १११ सेंटीमीटर भरते आणि तार पाच मीटरांहून किंचित कमी लागते.

पहिल्या दिवशी पडद्यावर जे चित्र उमटले ते पुस्तकातल्या चित्राशी मुळीच जुळेना. पुढे जाणारा झोत नव्हता, लहर फुटून बाजूंना पसरली होती आणि नेमकी अक्षाच्या दिशेला खोबण पडली होती. आम्ही वडीलकीच्या नात्याने असा निवाडा दिला की ४३६ मेगाहर्ट्झला हा अँटेना चालत नसावा, पुस्तकातील उदाहरणे अधिक वारंवारतेची असावीत. निवाडा देताना १९४६ सालची सभा आम्हास आठवली नाही. दुसऱ्या दिवशी नववीतील एका विद्यार्थिनीने वही उघडून विचारले, "सर, मळसूत्राच्या कार्डात व्यास विचारलाय का त्रिज्या?" कार्ड त्रिज्या मागत होते. तेथे व्यासाचा आकडा आम्हीच सांगून भरवला होता. त्यामुळे वेढ्याचा घेर दोन लहरलांबींचा झाला होता आणि तेवढ्या घेराला लहर अक्षावरून दूर पळते, हे भौतिकशास्त्राशी अगदी सुसंगत होते. संगणकाने विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले होते, प्रश्न आम्ही चुकीचा विचारला होता. आकडा दुरुस्त केल्यावर झोत पुढे आला.

या प्रसंगानंतर मंडळाने स्वतःचे नियम केले. पहिला नियम तुकड्यांचा. तुकडा लहरलांबीच्या दहाव्या भागाहून मोठा असू नये, विसावा भाग असल्यास उत्तम, आणि तारेच्या जाडीच्या मानाने तो फार आखूडही असू नये. संगणकाला वर्तुळ ठाऊक नसते, तो सरळ तुकड्यांचा बहुभुज काढतो. एका वेढ्याचे सहा तुकडे केले तर परीघ खऱ्यापेक्षा साडेचार टक्क्यांनी कमी भरतो, दहा केले तर दीड टक्क्याहून थोडा अधिक, वीस केले तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजावरून वर्तुळाचा परीघ आवळत नेला, त्याच जातीचे हे काम आहे आणि गणिताच्या तासाला पाठ केलेला पाय येथे मुलांना प्रत्यक्ष भेटला. मंडळाने प्रत्येक वेढ्याला वीस तुकडे ठरविले. तुकडे दुप्पट करून पाहावयाचे, उत्तर हलले तर पहिले उत्तर मानावयाचे नाही.

दुसरा नियम बेरजेचा. तारेत काही वाया जात नाही असे मानले, तर आत घातलेली सर्व शक्ती बाहेर पडली पाहिजे. सर्व दिशांची सरासरी काढली असता मोकळ्या अवकाशातील प्रतिमानात ती १ यावी. खाली अनंत विस्ताराचा आदर्श धातूचा पृष्ठभाग धरला असेल तर सर्व शक्ती वरच्या अर्ध्या आकाशात जाते, म्हणून २ यावी. आकडा त्यापासून दूर गेला तर प्रतिमानात कोठेतरी खोट आहे, मग चित्र कितीही देखणे असो. हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत. आमच्या पालकांपैकी बचत गट चालविणाऱ्या भगिनींना हा नियम दुसऱ्या कोणी समजावून देण्याची गरज नाही.

यानंतरचा भाग आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो. अँटेना विशिष्ट दिशेला शक्ती किती एकवटतो, यासाठी क्राउस यांनी मोजमापांच्या आधारे एक सूत्र दिले होते. ते पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या उतरत आले. आमच्या मापांसाठी ते सुमारे १४ डेसिबल, म्हणजे जवळपास पंचवीसपट, असे उत्तर देते. मंडळाचे प्रतिमान त्याहून सुमारे दोन डेसिबल कमी, म्हणजे सोळापटीच्या आसपास, सांगू लागले. मुलांनी आकडे पुन्हा तपासले, त्रिज्या पाहिली, तुकडे दुप्पट केले, सरासरी काढली. फरक जाईना. "सर, क्राउसचं सूत्रच चुकलं असेल का?" असे एकाने विचारले तेव्हा कक्षात क्षणभर शांतता झाली. ज्या माणसाने अधिकारवाणी मानली नाही म्हणून त्याचे कौतुक करीत आम्ही सुरुवात केली, तो माणूस आता स्वतःच अधिकारवाणी होऊन बसला होता.

मुलांचा संशय रास्त होता. १९८० मध्ये किंग आणि वाँग यांनी निरनिराळ्या लांबीच्या मळसूत्रांची पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली, तीत लाभ जुन्या सूत्राहून कमी आढळला. १९९५ मध्ये डॅरेल इमर्सन यांनी 'नेक'च्याच साहाय्याने अनेक प्रतिमाने चालवून तोच निष्कर्ष दाखविला. जुने सूत्र मळसूत्र जितके लांब तितके अधिक फुगवून सांगते. सूत्रात वेढे दुप्पट केले की लाभ दुप्पट होतो, प्रत्यक्षात लाभाची वाढ मंदावत जाते. क्राउस यांचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. त्यांच्या हाती १९४७ साली संगणक नव्हता आणि त्यांनीही पुढे आपल्या सूत्राचा गुणक खाली आणला. त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ९६ मळसूत्रांची रेडिओ-दुर्बीण उभारून आकाशाचे नकाशे काढले, ते काम सूत्राच्या भरवशावर झालेले नाही.

प्रतिमानालाही मर्यादा आहेत आणि त्या मुलांनी स्वतः लिहून काढल्या, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. अनंत पृष्ठभाग धरल्यामुळे प्रतिमानाला मागची बाजूच नसते, खऱ्या अँटेनाचा पत्रा अर्ध्या मीटरहून थोडा मोठा आणि त्याच्या कडेवरून काही शक्ती मागे सांडणारच. तार ज्या पीव्हीसी नळीवर गुंडाळावयाची ती नळी आमच्या प्रतिमानात नाही, प्रत्यक्षात प्लास्टिकमुळे लहर किंचित मंदावते आणि सगळे गणित थोडे खालच्या वारंवारतेकडे सरकते. शिवाय मळसूत्राचा अवरोध १४० ओहमच्या आसपास असतो. बाजारातील ५० ओहमची केबल थेट जोडल्यास सुमारे २२ टक्के शक्ती सांध्यावरूनच परतते, घरोघरच्या डिशची ७५ ओहमची केबल वापरली तर परतणारा भाग ९ टक्क्यांवर येतो. मंडळाने डिशची केबल घेतली. ती स्वस्तही होती.

हे सारे आम्ही या स्मरणिकेत का मांडतो, असे विचारले जाईल. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. कायद्याच्या आणि साहित्याच्या पदव्या घेणारे पुष्कळ निघतील, यंत्रापाशी मात्र आपली माणसे मजूर म्हणूनच उभी राहतील, ही शक्यता त्या काळी डोळ्यांसमोर होती. आज यंत्र आमच्या वसतिगृहात आले आहे. त्यासोबत एक नवे वाक्यही आले आहे, 'कॉम्प्युटरने सांगितले'. 'पोथीत लिहिले आहे' या वाक्यापासून सुटण्यासाठी आमच्या वाडवडिलांनी १९५६ साली जे मोल दिले, ते जाणणाऱ्या घरांतील मुलांच्या तोंडी हे नवे वाक्य तितक्याच सहजतेने यावे, याचे आम्हास भय वाटते. म्हणून त्रिज्या विचारणाऱ्या मुलीची वही आम्ही जपून ठेवली आहे.

अँटेना शेवटी वसतिगृहाच्या गच्चीवर उभा राहिला. नळी, ४ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, पत्रा आणि संगणकाला जोडावयाचा हातात मावेल एवढा एक रेडिओ ग्राहक, एवढीच सामग्री. प्रक्षेपणास परवाना लागतो, आम्ही फक्त ऐकतो. तार वळण्याआधी मुलांनी प्रतिमानात मळसूत्राच्या लांबीपुढे उणे चिन्ह देऊन वेढे डावे करून पाहिले, उजव्याशी पडताळले आणि नळीवर खडूने फिरण्याची दिशा आखून घेतली. गूनहिलीची फजिती त्यांच्या ध्यानात होती.

एका संध्याकाळी उपग्रह क्षितिजावर आला तेव्हा दोन मुलांनी नळी धरली, एकीने घड्याळ आणि वही. गाडी जवळ येताना व दूर जाताना शिट्टीचा सूर बदलतो, तसाच उपग्रहाचा स्वर जवळ येताना दहाएक किलोहर्ट्झ वर व दूर जाताना तितकाच खाली सरकतो. तो सरकताना पडद्यावर तिरपी रेघ उमटली. नऊ मिनिटे ती दिसली. चौथ्या मिनिटाला सुमारे वीस सेकंद ती पुसट झाली. वहीत त्यापुढे दोन हस्ताक्षरांत दोन कारणे आहेत. नळी धरणारा लिहितो की उपग्रहाच्या अँटेनाचे टोक त्या वेळी आपल्याकडे वळले असावे. घड्याळ धरणारी लिहिते की नळी धरणाऱ्याचा हात दुखू लागला होता. पुढच्या वेळी नळीला कोनमापक बांधून दर पंधरा सेकंदांनी कोन नोंदवावयाचा, असे दोघांनी खाली मिळून लिहिले आहे.